पहिली सळई आपल्या डोळ्यात

आयुष्यातली दहा-अकरा वर्षं मी लोकांच्या डोळ्यांत दगड घालून पोट भरलं. ऐकायला वाईट वाटतं, पण सुरमा म्हणजे दगडच. काळा, चकचकीत आणि आकाराच्या मानाने भलताच जड. आमचं घर दारव्ह्याला. माझे वडील, म्हणजे अब्बा, त्यांच्या वडिलांच्या पाठोपाठ या धंद्यात आले आणि मी त्यांच्या. छप्पन साली मी सातवी पास झालो आणि त्यांनी माझ्या हातात बत्ता दिला. पुढे एस.टी.त कंडक्टर झालो, तिथूनच निवृत्त झालो. इतकी वर्षं तिकिटं फाडली, पण त्याबद्दल मला कुणी कधी काही विचारलं नाही. सुरम्याबद्दल मात्र अजून विचारतात.

पहिला प्रश्न ठरलेला असतो: काजळ आणि सुरमा एकच ना? नाही. काजळ म्हणजे घरच्या दिव्याची काजळी. एरंडेलाचा दिवा लावायचा, दोन विटांवर तांब्याची ताटली उपडी घालायची, धरलेली काजळी खरवडून साजूक तुपात मळायची, की झालं काजळ. हे घरोघरच्या बायका करत. बाळाच्या पाचवीला आत्या ते डोळ्यांत घालणार, बोटाला उरलेल्या काजळाने गालावर तीट लावणार. त्यात आम्हाला कुणी विचारत नसे. सुरमा मात्र घरी होत नाही. आमच्यात शुक्रवारच्या नमाजाआधी, ईदेला आणि लग्नात लागतो, काही जण लेकरांनाही घालतात. नवरदेवाच्या डोळ्यांत भावजय सुरमा घालते आणि हक्काने काहीतरी उकळल्याशिवाय सळई खाली ठेवत नाही.

पण आमचं खरं गिऱ्हाईक वेगळंच होतं. जिनिंगमधले मजूर आणि पिंजारी आमच्याकडे येत, कारण कापसाची तूस दिवसभर डोळ्यांत जाऊन डोळे चुरचुरत. तांड्यावरचे बंजारा येत, ते उन्हासाठी. सुरम्याने डोळा थंड राहतो ही सगळ्यांची समजूत होती आणि आम्ही ती मोडायचं काही कारण नव्हतं.

हा दगड आला कुठून, यावर अब्बांचा आणि आमच्या गल्लीतल्या वैद्यबुवांचा कायमचा वाद असे. अब्बा म्हणत, मिसरच्या राण्या लावत, तिथून अरबस्तानात गेला, तिथून आपल्याकडे आला. वैद्यबुवा म्हणत, छट, आमच्या जुन्या ग्रंथांत सौवीरांजन म्हणून हाच आहे. दोघांनीही मिसर पाहिलं नव्हतं, आणि ग्रंथ किती पाहिले होते देव जाणे. एकदा बाजारात हा वाद ऐकून एका तांड्याचे म्हातारे नाईक हसले. "तुमी दोघं भांडत राहा," ते म्हणाले. "माह्या आज्याच्या बैलावर मिठाच्या गोणीसंग तुमचा हा दगड येत होता. कुठूनही येवो, पाठ तं आमच्याच बैलाची दुखली!" त्यानंतर महिनाभर वाद बंद होता.

दगड नुसता दळून डोळ्यात घालता येत नाही. आधी तो निखाऱ्यावर लाल करायचा आणि हिरडा, बेहडा, आवळ्याच्या काढ्यात विझवायचा. असं सात वेळा. मग फोडून, धुऊन खलात घ्यायचा, गुलाबपाणी शिंपायचं आणि बत्त्याने घोटत बसायचं. कुटायचं नाही, घोटायचं. आमच्या घरची रीत एकवीस दिवसांची. पहिले आठ-दहा दिवस बत्त्याखाली करकर आवाज येतो, मग तो हळूहळू बसतो, आणि शेवटचे चार दिवस काहीच ऐकू येत नाही. त्या चार दिवसांत आपण उगाच हात फिरवतोय असं वाटायला लागतं. माझ्यासारख्याला तर फारच वाटायचं.

सुरमा तयार झाला हे ठरवायचं डोळ्याने. म्हणजे बघून नव्हे, घालून. बाजारात नवी खेप उघडली की पहिली सळई गिऱ्हाइकाची नाही. ती विकणाऱ्याने सगळ्यांदेखत आपल्या डोळ्यात फिरवायची. अब्बा दुकान मांडलं की गुडघ्यावर हात ठेवून बसत, दोन्ही डोळ्यांत सळई ओढत आणि डोळे सताड उघडे ठेवत. भोवतीची पोरं मोठ्याने आकडे मोजत. पन्नास झाले, पाणी आलं नाही, लाली चढली नाही, की अब्बा म्हणत, "घ्या आता." चाळीस वर्षं त्यांनी हे केलं. लोक सुरम्यावर नाही, अब्बांच्या डोळ्यावर भरवसा ठेवत. मीही ठेवायचो, आणि तिथेच घोळ झाला.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा असेन. उन्हाळा तोंडावर होता. खेप घोटायला घेतली होती आणि सतराव्या दिवशी पुसदच्या एका मित्राचं लग्न आलं. अब्बा नेमके नागपूरला दगड आणायला गेले होते. बत्त्याचा आवाज बसला होता, बोटाला काही लागत नव्हतं. मी मनाशी म्हटलं, कच्चा असेल तर अब्बांचा डोळा सांगेलच, मग पुन्हा घोटू. मलमलीतून गाळला, बरणी भरली, आणि चार दिवस लग्नात हुंदडून आलो. अब्बांनी विचारलं, "झाले एकवीस?" मी म्हटलं, झाले.

पुढच्या बाजाराला आम्ही बोरी अरबला गेलो. अब्बांनी बरणी उघडली, दोन्ही डोळ्यांत सळई फिरवली. पोरांनी पन्नास मोजले. डोळे कोरडे ठणठणीत. माझ्या मनावरचं ओझं उतरलं आणि थोडं हसूही आलं. उगाच चार-चार दिवस जास्त घोटतो आपण, असं वाटलं.

त्या दिवशी गयाबाई पहिल्यांदा आमच्या दुकानी आली. शेतावर मजुरीला जाणारी, नवरा नसलेली बाई. तिच्या वस्तीने एक-दोन वर्षांपूर्वी बौद्ध धम्म घेतला होता. अब्बांनी सवयीने विचारलं, "लहान लेकरू आहे काय घरी?"

"नाही चाचा. अन् दृष्टीबिष्टीचं म्हणत असान तं थे आमी सोडलं आता," ती म्हणाली. "काजय नाही, तीट नाही. माही पोरगी सातवीत हाय. दिवसभर अन् वरून कंदिलापाशी वाचून राह्यली. डोये दुखतेत म्हणते. थंडाव्यासाठी पाहिजे."

"सातवीची परीक्षा देते?" अब्बांनी विचारलं.

"आमच्या वस्तीतून पह्यलीच पोरगी हाय देणारी. पास झाली तं मास्तरीण होईन." हे तिने जरा मोठ्यानेच सांगितलं. शेजारच्या बांगडीवालीने मान वळवून पाहिलं. अब्बांनी एक छोटी डबी भरून दिली.

आठवड्याने आम्ही पुन्हा तिथेच बसलो होतो. गयाबाई आली आणि दुकानासमोर उभी राहिली. गर्दी जराशी हटल्यावर तिने डबी अब्बांच्या पुढ्यात ठेवली.

"चाचा, हे तुमचं तुमच्यापाशी ठेवा."

"काय झालं, माय?"

"पोरीचे डोये लाल भडक झाले. पापण्या उघडत नाहीत. दारव्ह्याच्या दवाखान्यात नेलं तं डाक्टरनं धुतले, मलम घातलं, पट्टी बांधली. दहा दिवस पुस्तक पाह्याचं नाही म्हणते. परीक्षेले बारा दिवस राह्यले." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

अब्बांनी डबी उघडली आणि तिच्यादेखत त्यातून सळई भरून आपल्या डोळ्यात ओढली. दोन्ही डोळे उघडे ठेवून बसले. पोरं आपोआप मोजायला लागली, त्यांना मी हुसकावलं.

"मले तं काहीच नाही वाटत," अब्बा म्हणाले.

"मंग माही पोरगी खोटंच रडून राह्यली काय?"

अब्बांनी पुन्हा सळई भरली, पुन्हा ओढली. मग माझ्याकडे सळई धरली. "रशीद, तू घाल."

मी घातली. दोनदा पापणी मिटली आणि तिसऱ्यांदा मिटताना डोळ्यात वाळू फिरावी तसं झालं. मी दाबून धरायचा प्रयत्न केला, पण पाणी काही ऐकेना, घळाघळा वाहायला लागलं. अब्बा माझ्या डोळ्याकडे बघत राहिले.

"किती दिवस घोटला?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला जागाच नव्हती, डोळाच सगळं सांगत होता. "सतरा," मी म्हटलं.

मला वाटलं, भर बाजारात थोबाडीत बसणार. ती बसली असती तर मी आभारच मानले असते. अब्बांनी पुन्हा एकदा, अगदी सावकाश, सळई भरून आपल्या उजव्या डोळ्यात फिरवली आणि बोटाने पापणी चोळली. माझ्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि त्यांचा डोळा कोरडा होता. चाळीस वर्षं रोज दगड घालून तो डोळा निबर झाला होता. केव्हापासून, ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तोवर पाहिलं नव्हतं. ते घाबरले होते.

"याचं पाप हे, की यानं चार दिवस कमी घोटला," ते गयाबाईला म्हणाले. "माहं पाप हे, की मले कळलं नाही." मग त्यांनी बरणी उचलली आणि मागच्या नालीत उपडी केली.

"थे ठीक हाय," गयाबाई म्हणाली. "पण माह्या पोरीच्या परीक्षेचं काय?"

तिचा प्रश्न बरोबर होता. पापाची वाटणी करून तिला काय मिळणार होतं? अब्बांनी मला समोर उभं केलं. "हा सातवी पास हाय. हा रोज येऊन वाचून दाखवीन. तिनं डोये मिटून ऐकावं."

"जुवान पोरगा घरी येईन, लोक काय म्हणतीन?"

"मी बसतो ना संग."

बरीच बोलणी ऐकावी लागणार हे तिला कळत होतं. शेवटी म्हणाली, "उद्या सकायी या. उशीर नका करू."

दुसऱ्या दिवसापासून मी सायकल मारायचो आणि अब्बा मागे कॅरिअरवर बसायचे. दारव्हा ते बोरी, रोज. विमल, म्हणजे गयाबाईची मुलगी, अंगणात पोत्यावर बसलेली असायची, दोन्ही डोळ्यांवर पांढरी पट्टी, मांडीवर पुस्तकं नीट रचलेली. चौदा वर्षांची, काटकुळी. पहिल्या दिवशी मी अपराधी आवाजात, खाली मान घालून भराभरा वाचायला लागलो. दुसऱ्याच पानावर तिने मला अडवलं.

"रशीदभाऊ, एवढ्या घाईनं कायले वाचता? गाडी सुटून राह्यली काय तुमची? पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"अन् जोडाक्षर खाऊ नका."

माझी सातवी जेमतेम पास होती, हे तिला पहिल्याच तासात समजलं. इतिहास, भूगोल, मराठी, सगळं ती एकदा ऐकायची आणि दुसऱ्यांदा मला म्हणून दाखवायची. गणितं मी वाचायचो आणि ती तोंडी सोडवायची. मला उत्तर बरोबर की चूक हे पुस्तकाच्या शेवटी बघितल्याशिवाय कळत नसे. गयाबाई कामावर जायची तेव्हा तिची म्हातारी सासू उंबऱ्यात बसून माझ्यावर नजर ठेवायची, आणि अब्बा लिंबाखाली बसून ऐकायचे. अब्बांना अक्षर येत नव्हतं. दोन-तीन दिवसांत तेच धड्यात इतके रमले की मध्येच विचारायचे, "मंग थे नदी शेवटी कुठं गेली?" विमल पट्टीखालून हसायची आणि त्यांना समजावून सांगायची.

पहिल्या दिवशी म्हातारीने चहा केला आणि पितळी पेला हातात धरून घुटमळली. आधी तिने अब्बांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या काळी अशा वस्तीतल्या पेल्याला हात न लावणारी माणसं आमच्यातही होती आणि गावातल्या वरच्या जातींतही. अब्बांनी हात पुढे केला, चहा प्यायले आणि म्हणाले, "साखर जरा जास्त टाकत जा, माय." त्यानंतर रोज गोड चहा मिळाला. आम्ही मात्र तिथे चहा प्यायला येत नव्हतो, हे मला प्रत्येक घोटाला आठवायचं.

परीक्षेच्या दोन दिवस आधी डॉक्टरांनी पट्टी सोडली. डावा डोळा स्वच्छ निघाला. उजव्या डोळ्याच्या बुबुळावर मोहरीएवढं पांढरं फूल पडलं होतं. जाईल की नाही, ते डॉक्टरांना सांगता येईना. विमलने उजवा डोळा हाताने झाकून पुस्तक जवळ धरलं आणि म्हणाली, "दिसते." तिने दारव्ह्याला येऊन तसाच, एक डोळा अर्धा मिटून, पेपर दिला आणि पास झाली. पुढे ती खरंच मास्तरीण झाली. फूल मात्र गेलं नाही. फोटोत ती नेहमी डावी बाजू पुढे करून उभी राहायची, हे मी तिच्या लग्नात पाहिलं.

नवी खेप मी एकवीस दिवस घोटली, वर आणखी तीन. बोरीच्या बाजारात बरणी उघडली. पोरं मोजायला गोळा झाली होती. अब्बांनी सळई हातात घेतली आणि ठेवून दिली.

"माहा डोया आता कामाचा राह्यला नाही," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "मले कचकच समजत नाही. आतापासून रशीद घालीन."

काही जण हसले. काहींना वाटलं म्हातारा गंमत करतोय. चार-पाच जुनी गिऱ्हाइकं न घेता निघून गेली. अब्बांचा डोळा गेला तर दुकानात उरलं काय, असाच त्यांचा हिशेब होता. मी सळई फिरवली, पोरांनी पन्नास मोजले, आणि त्या पन्नास आकड्यांत मला घाम फुटला. अब्बा माझ्या डोळ्याकडे बघत होते. त्यानंतर ते कधी दुकानात पुढे बसले नाहीत. मागे बसून डब्या पुसायचे.

धंदा तसा आठ-नऊ वर्षं चालला. साठीच्या दशकाच्या शेवटी अब्बांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाले. यवतमाळला ऑपरेशन केलं, थोडं दिसायला लागलं, फार नाही. आमचा धंदा काय हे ऐकल्यावर तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सुरम्याचा खडा मागवून घेतला. हातात वजन करून म्हणाले, "हे शिसं आहे. पोटात गेलं तर विष. लहान मुलांना तर अजिबात नको. आणि वडिलांच्या डोळ्यात आता कणभरही जाता कामा नये, नाहीतर उरलेली नजरही जाईल." मी घरी आलो आणि उरलेली खेप परसात खड्डा करून पुरली. किती लेकरांच्या डोळ्यांत आमचा सुरमा गेला असेल, याचा विचार मी त्या दिवसापासून टाळत आलोय. लिहिताना तो टाळता येत नाही. आम्हाला माहीत नव्हतं हे खरं आहे, आणि ते पुरेसं नाही हेही खरं आहे.

अब्बांना शिशाचं काही सांगितलं नाही. डॉक्टर नको म्हणतात, एवढंच सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. पण ऑपरेशननंतरची पहिली ईद आली. सकाळी आंघोळ झाली, नवा कुर्ता घातला, अत्तराचा बोळा कानात ठेवला, आणि ते पलंगावर बसून राहिले. नमाजाची वेळ होत आली.

"चला अब्बा," मी म्हटलं.

"सुरमा?"

"डॉक्टरनं..."

"डाक्टरले ईद नाही काय? एकच सळई घाल. बिना सुरम्यानं मी आजवर ईदगाहावर गेलतो काय?" त्यांचा आवाज चढला नाही. ते हट्ट करत नव्हते, विनवत होते. माझ्या बापाने मला कधी विनवलं नव्हतं.

मी आत गेलो. सळई उकळत्या पाण्यात घातली, काढली, निवू दिली. बाहेर येऊन त्यांच्या समोर बसलो. रिकामी, धुऊन ठेवलेली सुरमादाणी उघडली आणि सळई तिच्यात नेहमीसारखी दोनदा फिरवली, आवाज यावा म्हणून. मग डाव्या हाताने त्यांची पापणी धरली आणि ओली, कोरी सळई उजव्या डोळ्यात हलकेच ओढली. डोळा उघडा ठेवून ते तसेच बसले. जुन्या सवयीने त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते.

"वा!" ते म्हणाले. "याले म्हणतेत घोटाई. काहीच लागत नाही. किती दिवस घोटला?"

"एकवीस," मी म्हटलं.

"त्या साली असाच घोटला असता तं त्या पोरीच्या डोयात फूल पडलं नसतं, बेटा."

"हो अब्बा," मी म्हटलं, आणि त्यांच्या दुसऱ्या डोळ्यात तीच कोरी सळई फिरवली.